आईसाठी लावलेले दोन कौल

मला राग पटकन येतो आणि जाताना फार रेंगाळतो. हा गुण एकट्या माझ्याच वाट्याला आलेला नाही, थोरल्या भावाकडे तो माझ्यापेक्षा सवाईने आहे. त्यामुळे आईला कोणी सांभाळायचं यावरून आम्ही दोघं एकमेकांसमोर उभे राहिलो, तेव्हा नातेवाइकांनी शहाणपणा करून लांबूनच बघायचं ठरवलं.

आई पडली तिथून सगळं सुरू झालं. दादाचं घर आचऱ्याच्या अलीकडे एका गावात, आईही तिथेच. मी लग्नानंतर मालवणात, इथल्याच एका शाळेत शिकवते. त्या दिवशी दादा आणि वहिनी देवळात होती. दादा गावचा मानकरी, देवळातलं पान त्याच्याशिवाय हलत नाही. आई मागच्या पडवीतून न्हाणीकडे जाताना घसरली आणि तिथेच पडून राहिली. शेजारीण काहीतरी मागायला आली म्हणून कळलं तरी. आई किती वेळ पडून होती याबद्दल दादा म्हणतो घटकाभर, मी म्हणते अर्धा दिवस. खरं काय ते आईला माहीत, आणि ती सांगत नाही.

खुब्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलातून सोडलं त्या दिवशी मी गाडीत आईच्या शेजारी बसले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "मालवणाक घे." दादा स्कूटरवर पुढे होता. फाट्यावर तो आचऱ्याच्या रस्त्याला वळला आणि आम्ही सरळ निघून आलो. त्याने मागे वळून पाहिलं ते मी काचेतून बघितलं. मला तेव्हा बरं वाटलं.

संध्याकाळी तो भाड्याची गाडी घेऊन माझ्या दारात हजर.

"बाय, आयेक भायर काढ. मी गाडी हाडलंय," तो रस्त्यावरूनच ओरडला.

"परत न्हाणयेत पडान रवाक?" मी पायरीवरून.

त्यापुढे आम्ही काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. समोरच्या घरातले टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत होते. आई आत पलंगावर होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी कोणी आवाज उतरवला नाही.

दुसऱ्या दिवशी दादाने कौल लावला. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं असलं की देवाला विचारतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवतो, प्रश्न घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दादाने विचारलं, आईने घर सोडू नये हे बरोबर ना? देवाने उजवा दिला. वहिनीने फोन करून मला ते अगदी गोड आवाजात कळवलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. लग्न झालेल्या बाईचा देव म्हणजे सासरच्या गावचा देव. माझं सासर मूळ रेडीच्या बाजूचं. शाळेत रजा टाकली आणि मालवणापासून जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकापर्यंत जाऊन मीही कौल लावला. आईला माझ्याकडे ठेवलं तर तिचं बरं होईल ना? तिथल्या देवानेही उजवाच दिला. आता मी वहिनीला फोन केला, तितक्याच गोड आवाजात.

झालं. तोवर ते नुसतं भांडण होतं, कोणीतरी माघार घेतली असती. आता माघार म्हणजे देवाचा शब्द मोडणं. दादा आपल्या देवाला धरून बसला, मी माझ्या. असे दोन-तीन महिने गेले, आई माझ्याकडेच. मी वकिलाकडे गेले, दादाविरुद्ध अर्ज करायचा म्हणून. वकील माझाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, अर्ज कधीही करता येईल. आधी मध्यस्थापुढे बसून बघा. कोर्टातच खोली आहे."

मध्यस्थ एक बाई होत्या. वकिली करून केस पांढरे झालेल्या, इथल्याच, पण त्या खोलीत प्रमाण मराठीत बोलायच्या. आई माझ्या शेजारी बसावी म्हणून मी खुर्ची ओढली, दादाने दुसऱ्या बाजूने ओढली. बाईंनी काही न बोलता आईची खुर्ची आपल्या शेजारी ठेवून घेतली.

"मी निकाल देणार नाही," त्या म्हणाल्या. "कोण बरोबर तेही सांगणार नाही. एकच नियम. समोरचा बोलला की आधी त्याचं म्हणणं तुम्ही आपल्या तोंडाने सांगायचं. त्याने 'बरोबर' म्हटलं की मग तुमचं."

मला वाटलं, हे पोरखेळ मी शाळेत घेते. प्रत्यक्षात मात्र घाम फुटला. दादा बोलला, आणि मग मला म्हणावं लागलं, "दादा म्हणतो, मी आईला त्याला न विचारता पळवून नेलं. गावात लोक त्याला विचारतात, आवशीक चेडवाकडे कित्या धाडलंस, आईला लेकीकडे का पाठवलंस. त्याला मान वर करून देवळात उभं राहता येत नाही."

"बरोबर," दादा म्हणाला.

मग त्याची पाळी. त्याने दोनदा घसा खाकरला. "बाय म्हणता, आमच्याकडे आयेक कोण बगणा नाय. ती पडली तेव्हा घरात कोण नव्हता. परत पडली तर..." तो थांबला. "तर मरतली."

"बरोबर," मी म्हटलं. स्वतःचंच वाक्य त्याच्या तोंडून ऐकताना ते मला फार क्रूर वाटलं.

त्यानंतर गाडी कौलांवर येऊन अडली. बाईंनी दोघांचे प्रश्न नेमके काय होते ते विचारलं. मग म्हणाल्या, "दोन्ही देवांनी एकमेकांच्या विरुद्ध काही सांगितलेलं दिसत नाही. प्रश्नच वेगळे होते."

पण दादा ऐकणारा नव्हता. "मॅडम, आईचा देव कुठला? तिच्या सासरचा. म्हणजे आमचा. हिच्या सासरच्या देवाचा आमच्या आईशी काय संबंध?"

आणि तो बरोबर बोलत होता. गावात कोणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. मी तोंडघशी पडले आणि त्यामुळे आणखी मोठ्याने बोलायला लागले. बाईंनी हात वर केला.

"आई, तुम्हाला माझ्याशी एकट्याने बोलायचं आहे का? ही दोघं बाहेर बसतील."

"नको," आई म्हणाली. "काय ता हेंच्यासमोर."

"तुम्ही कौल लावला होता?"

हा प्रश्न ऐकून मला हसू येणार होतं. माझ्या आईने कौल लावल्याशिवाय आयुष्यात काही केलेलं नाही. माझं लग्न, दादाचं लग्न, गाय विकायची की ठेवायची, ऑपरेशनला हो म्हणायचं की नाही, सगळं तिने देवाला विचारून केलं.

"नाय," ती म्हणाली. "मी कौल लावक नाय."

"का?"

"माका जावचा हा. आणि देव नको म्हणालो तर मगे? देवाचा मोडूचा माझ्यान होवचा नाय. म्हणान मी इचारूकच नाय."

मी दादाकडे बघितलं. जिंकल्याचा आनंद माझ्या तोंडावर दिसत असणार, कारण त्याने नजर खाली घातली. आईला जायचं होतं, म्हणजे माझ्याकडेच. दुसरीकडे कुठे जाणार ती?

"कुठे जायचं आहे?" बाईंनी विचारलं.

"मांगरात."

मांगर म्हणजे बागेतली खोपी. दादाच्या घराच्या खाली, माडांच्या बागेत, चिऱ्याच्या चार भिंती आणि वर छप्पर. नारळ ठेवायचे, सरपण ठेवायचं, गाय होती तेव्हा वैरण ठेवायची. माणसं मांगरात राहत नाहीत. राहतात ती एकतर राखणदार असतात, नाहीतर घरातून बाहेर काढलेली असतात. कोणाच्या मुलाला शिव्या घालायच्या असल्या तर आमच्याकडे म्हणतात, आवशीक मांगरात टाकल्यान. याच्यावर दुसरी शिवी नाही.

"आये, तुका खूळ लागला काय?" दादा उठलाच. "लोक माका जितो गाडतले."

"काही मांगरा-बिंगरात जायचं नाही," मीही ओरडले. "फुरसं निघतं तिथे. पडलीस तर ऐकायला कोण आहे?"

बाई शांत बसून आमच्याकडे बघत होत्या. "आज पहिल्यांदा तुम्हा दोघांचं एकमत झालंय," त्या म्हणाल्या. आम्हाला हसू आलं नाही. "आई, मांगरातच का, ते यांना सांगा."

आईने आधी दादाकडे बघितलं. "तुझ्याकडे माका चुलीकडे जावक देणत नाय. पडूच्या आधीपास्नाच. नारळ खवणूक बसलंय तर सून हातातली विळी काढून घेता. तिचा काय चुकला नाय, ती काळजीन करता. पण मगे दिसभर मी काय करू? पडवीत बसान रस्तो बघू?"

मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं, आता माझं कौतुक होईल.

"तुझ्याकडे माका उठाक देणत नाय. न्हाणयेक जावक इचारूचा लागता. आणि तो भिताडावरचो डोळो."

मी तिच्या खोलीत कॅमेरा बसवला होता. शाळेतल्या मधल्या सुटीत मोबाइलवर बघायचे, ती ठीक आहे ना. अधूनमधून त्यावर काळोख दिसायचा, मला वाटायचं नेट गेलं. ती त्यावर आपला टॉवेल टाकत होती.

"मांगरात दार माझा असतला," आई म्हणाली. "माका व्हया तेव्हा उघडीन, नको तेव्हा लावीन. एक पेज मी माझ्या हातान रांदीन. बाकी तुमी काय ता हाडून दिया."

मला भयंकर राग आला होता. तिच्यासाठी मी भावाशी वैर घेतलं, जिल्हाभर देव धुंडाळले, आणि तिला माझ्या घरापेक्षा गुरांच्या वैरणीची जागा बरी वाटत होती. मी तसं बोलूनही दाखवलं. आईने मान हलवली, जणू मी शाळेतली तक्रार सांगत होते.

"नियम लक्षात आहे ना?" बाई म्हणाल्या. "आई काय म्हणाली, ते आधी तुम्ही सांगायचं. दोघांनीही."

दादा टेबलाकडे बघत म्हणाला, "आये म्हणता, आमच्या घरात ती नुसती बसान आसा." पुढे त्याला जमेना. "म्हणता, थंय, मांगरात, दार तिचा असतला."

"बरोबर," आई म्हणाली.

माझी वेळ आली तेव्हा मी रडत होते. मी सांगितलं, पण कोणत्या शब्दांत ते आता आठवत नाही. आईने "बरोबर" म्हटलं एवढं आठवतं.

बाईंनी तेवढ्यावर सोडलं नाही. पुढच्या दोन बैठका अशा झाल्या की डोकं उठलं. तुमची हरकत मांगराला आहे की लोकांच्या बोलण्याला, असं त्यांनी दादाला धारेवर धरलं. "दोनयाक," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. मला विचारलं, जमीन नीट केली, कमोड बसवला, पाणी आत नेलं, रात्री सोबतीला कोणी झोपायला आलं, तर? मी म्हटलं, तरीही नको. का? मग माझ्या तोंडून निघालं की ती माझ्याजवळ असावी असं मला वाटतं, बाकी काही कारण नाही. बाईंनी ते लिहून घेतलं नाही.

हळूहळू गोष्टी ठरत गेल्या. जमीन आणि न्हाणी दादा करणार. रात्रीच्या सोबतीला वाडीतली एक बाई मिळाली, तिचा खर्च माझा. चूल नाही, गॅसची लहान शेगडी. चूलच हवी म्हणून आई अडून बसली होती, शेवटी तिने मान्य केलं. दुपारचं जेवण वहिनी पाठवणार. कॅमेरा नाही. मी रविवारी जायचं, आणि आत जायच्या आधी दार वाजवायचं. हे शेवटचं आईने घालायला लावलं.

एका गोष्टीवर मात्र दादा हलेना. "कागदावर सही मी करीन. पण गाव कागद वाचत नाही. तिला जायचं असेल तर देवळात, मानकऱ्यांसमोर सांगू दे की तिला कोणी काढलं नाही." मला खात्री होती, त्याला वाटत होतं की ती कचरेल. आमच्या देवळात बायका असं उभं राहून बोलत नाहीत. देवाकडे गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घालायचं ते गुरवाने किंवा मानकऱ्याने.

"सांगतंय," आई म्हणाली.

सोमवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. कुजबुज आधीच पोचली होती, त्यामुळे नेहमीपेक्षा माणसं जास्त होती. आई वॉकर टेकत टेकत सभामंडपात आली. मी धरायला गेले तर तिने कोपराने मला बाजूला केलं. वहिनी खांबाजवळ पदर डोक्यावर घेऊन उभी होती. ती सारखी माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. आम्ही दोघीही घाबरलो होतो.

गुरवाने नारळ हातात घेतला. दादा पुढे होऊन त्याच्या कानात काहीतरी बोलला. गुरव कळ्यांच्या ताटाकडे वळला तेव्हा माझ्या लक्षात आलं. दादा कौल लावायला सांगत होता. डावा पडला असता तर आईला तिथूनच मागे फिरावं लागलं असतं, आणि ती फिरली असती.

"कौल नको," आई म्हणाली.

गुरव थांबला. तो आईला वयनीच म्हणतो. "वयनी, इचारूक नको?"

"नको. तू गाऱ्हाणा घाल, मगे पुढला मी सांगतंय."

त्याने दादाकडे बघितलं. दादा कळ्यांच्या ताटापासून मागे सरला. शेवटी गुरवाने नारळ वर धरून सुरुवात केली, हे देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इल्ली हत, तेंका सांभाळ रे म्हाराजा. प्रत्येक वाक्यामागे सगळा मंडप एका आवाजात म्हणत होता, "व्हय म्हाराजा!" हे म्हणायला विचार करावा लागत नाही, लहानपणापासून तोंडातून आपोआप निघतं. मग गुरव बाजूला झाला.

आईने वॉकर सोडून हात जोडले. तिचा तोल जाईल म्हणून माझे हात पुढे झाले होते.

"म्हाराजा, मी इचारूक येवक नाय. सांगूक इलंय. आजपासून मी मांगरात रवतंय. माका कोणी काढूक नाय. माझ्या झिलान नाय, माझ्या सुनेन नाय. माझी मी जातंय."

कोणीच "व्हय" म्हणेना. बाईच्या गाऱ्हाण्याला व्हय म्हणायचं की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. सगळे दादाकडे बघत होते, तो म्हणेल तर म्हणायचं म्हणून. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. आयुष्यात मी त्याच्याकडे इतक्या आशेने कधी बघितलं नसेल.

"व्हय म्हाराजा," दादा म्हणाला.

मग सगळे म्हणाले. छप्पर दणाणलं. मला वाटलं, झालं, संपलं. मी आईला धरायला पुढे झाले. तिचे हात अजून जोडलेलेच होते.

"आणि म्हाराजा," ती म्हणाली, "थंय मी पडलंय तर माझी मी पडलंय. माका काय बरावायट झाला तर तेचो बोल माझ्या झिलाक लागाक नको, सुनेक नको. आणि माझ्या ह्या चेडवान जलमभर कोणाक दोष देत बसाक नको. तेवढा तिका सांभाळ."

हे बैठकीत ठरलं नव्हतं, कागदावरही नव्हतं. वहिनीने पदर तोंडात धरला. दादाचा आवाज या वेळी फाटला, पण तो म्हणाला, आणि त्याच्यामागून सगळा गाव म्हणाला. मी म्हणाले नाही. ज्या रागावर मी इतके महिने उभी होते तोच आई देवासमोर माझ्याकडून मागून घेत होती, आणि तो द्यायचा तर उद्या ती गेली तरी मला भांडायला कोणी उरणार नव्हतं.

आई वाट बघत होती. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. अजून ती वॉकर धरेना.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. सगळ्यांच्या मागून, एकटीनेच. तेव्हा कुठे तिने हात खाली घेतले आणि एक हात माझ्या खांद्यावर टेकला.